कॅनेडियन अनुभवाचे सोवळे

कॅनडाचे सरकार माणसे पारखून घेते. एकट्याने अर्ज करणाऱ्याला पदवीचे 120 गुण, पदव्युत्तर पदवीचे 135, पीएचडीचे 150. विशीत असाल तर वयाचे 110; तिशी गाठली की ते घटू लागतात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्यावर येतात. भाषेची परीक्षा वेगळी, बँकेतली शिल्लक वेगळी दाखवायची. 1967 मध्ये त्या देशाने गुणांची पद्धत आणली, तेव्हा वंश आणि मूळ देश न बघता कसब बघू, असे जगाला सांगितले होते. 2015 पासून तोच हिशेब ‘एक्स्प्रेस एंट्री’ या नावाने संगणकावर चालतो. म्हणजे ओटावाहून ज्याला बोलावणे जाते तो आगंतुक नसतो. त्याची लायकी त्याच देशाने, स्वतःच्या मोजपट्टीने मोजलेली असते. असा माणूस टोरंटोच्या पिअर्सन विमानतळावर उतरतो, तळघरात भाड्याची खोली घेतो, अर्ज पाठवू लागतो, आणि पहिल्याच फोनवर त्याला विचारतात, ‘कॅनेडियन एक्सपीरियन्स आहे का?’

काल उतरलेल्या माणसाकडे तो असणार कुठून? विचारणाऱ्यालाही हे ठाऊक असते. ठाऊक असूनच तो विचारतो. हा प्रश्न माहितीसाठी नाही, दूर ठेवण्यासाठी आहे. हे सोवळे आहे, आणि सोवळ्याचा वास मराठी नाकाला सात समुद्रापलीकडूनही ओळखता आला पाहिजे.

ही रड चार नशीबवंचितांची नव्हे. कॅनडाच्याच 2021 च्या जनगणनेत नोंद आहे, की परदेशी पदवी घेऊन आलेल्या स्थलांतरितांपैकी चौथाईहून अधिक लोक अशा कामावर आहेत, ज्याला फार तर शालान्त शिक्षण पुरते. त्याच देशात जन्मलेल्या किंवा शिकलेल्या पदवीधरांत हे प्रमाण याच्या निम्मे आहे. पदवी पाहून बोलवायचे आणि पदवी न लागणाऱ्या कामाला जुंपायचे, याला धोरणातली त्रुटी म्हणणे हा भिडस्तपणा झाला. आम्ही याला फसवणूक म्हणतो.

घोडे पेंड खाते ते इथे. कोणाला आत घ्यायचे याचे गुण ओटावाचे केंद्र सरकार देते, पण डॉक्टर, इंजिनिअर, नर्स, आर्किटेक्ट म्हणून काम करण्याचा परवाना प्रांताच्या हद्दीत येतो. आणि प्रांतांनी तो अधिकार त्या-त्या व्यवसायाच्या नियामक संस्थांकडे सोपवला आहे. या संस्था चालवतात बहुतांशी आधीच आत असलेले लोक. नव्याला आत घेतल्याने ज्यांच्या पंगतीतला वाटा कमी होणार, तेच दाराची किल्ली सांभाळतात. ओटावाला विचारा, बोट प्रांताकडे. प्रांताला विचारा, बोट नियामक संस्थेकडे. संस्थेला विचाराल तर जनतेची सुरक्षितता!

जनतेची सुरक्षितता महत्त्वाची आहेच. परदेशी पदवी डोळे झाकून मान्य करा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. आपल्याकडेही परदेशात वैद्यक शिकून आलेल्याला 2002 पासून चाळणी परीक्षा द्यावी लागते आणि ती लावली हे योग्यच झाले. परीक्षा घ्या, दोन घ्या, कडक घ्या. परीक्षा पास झालेल्यालाही दार बंद का, एवढाच आमचा सवाल आहे. परदेशात शिकलेला डॉक्टर तिथल्या मेडिकल कौन्सिलच्या परीक्षा देतो, उत्तीर्ण होतो, आणि मग रेसिडेन्सीच्या, म्हणजे रुग्णालयातल्या सक्तीच्या प्रशिक्षणाच्या, जागेपाशी अडतो. कारण बाहेरच्यांसाठी ठेवलेल्या जागा मूठभर. तिकडे लाखो कॅनेडियन कुटुंबांना फॅमिली डॉक्टर मिळत नाही. रुग्णाला डॉक्टर हवा, डॉक्टरला रुग्ण हवा, आणि मध्ये नियमांची भिंत. यात सुरक्षितता कोणाची झाली?

इंजिनिअरांची कथा याहून उघड. टोरंटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारियोत वर्षानुवर्षे अट होती, की परवाना हवा तर बारा महिने कॅनडातला अनुभव दाखवा, तोही परवानाधारक इंजिनिअरच्या हाताखालचा. अनुभवावाचून परवाना नाही, आणि परवान्यावाचून असा अनुभव कोण देणार? प्रांताच्या मानवी हक्क आयोगाने 2013 मध्येच असली अट म्हणजे सकृद्दर्शनी भेदभाव असल्याचे धोरण जाहीर केले होते. ती अट गेली 2023 मध्ये, तीही 2021 च्या कायद्याने हात पिरगाळल्यावर. भेदभाव आहे हे कळल्यापासून तो थांबेपर्यंत दहा वर्षे! या दहा वर्षांत किती जणांच्या उमेदीची राख झाली, याचा हिशेब कोणी दिला नाही, आणि देणारही नाही.

ही राख कशी होते तेही पाहा. इकडे पोरगा विद्यापीठाच्या परीक्षा विभागाच्या खिडकीशी चकरा मारतो. ट्रान्सक्रिप्ट पाकिटात बंद व्हावे, पाकिटाच्या झडपेवर सही-शिक्का पडावा, ते मूल्यमापन करणाऱ्या संस्थेकडे पोचावे, म्हणून सुट्ट्या खर्ची घालतो. ‘तुमची पदवी कॅनेडियन पदवीच्या तोडीची आहे’ असा अहवाल मोजून पैसे देऊन मिळवतो. आणि तिकडे गेल्यावर, घरभाडे थकू लागल्यावर, गोदामातले काम मिळावे म्हणून तीच पदवी स्वतःच्या हाताने रेझ्युमेमधून खोडतो. कारण एजन्सीवाला सांगतो, ‘ओव्हरक्वालिफाइड दिसतोस, एम.टेक. काढून टाक.’ मग सेफ्टी बूट, हातात स्कॅनर, ब्रॅम्प्टनच्या एखाद्या गोदामातली रात्रपाळी. तिकडे याला ‘सर्व्हायव्हल जॉब’ म्हणतात. सहा महिन्यांसाठी म्हणून धरलेले काम पाच वर्षे सुटत नाही, कारण पुढच्या मुलाखतीत विचारतात, ‘इतकी वर्षे तुमच्या क्षेत्रात का नव्हता?’

पदवी खोडून भागत नाही, तेव्हा नाव खोडायची पाळी येते. टोरंटो विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ फिलिप ओरिओपोलोस यांनी हजारो बनावट रेझ्युमे खऱ्या जाहिरातींना पाठवून पाहिले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शिक्षण आणि अनुभव कॅनडातलाच, फक्त नाव भारतीय, पाकिस्तानी किंवा चिनी असे ठेवलेलेही अर्ज होते. इंग्रजी वळणाच्या नावांना मुलाखतीची बोलावणी सुमारे 40 टक्के जास्त आली. म्हणजे अनुभव कॅनडातला असला तरी नाव बाहेरचे राहतेच!

हे वाचून पुण्या-ठाण्याच्या दिवाणखान्यात ज्यांचे रक्त उसळेल, त्यांनी क्षणभर थांबावे. असाच प्रयोग आपल्या देशात आधीच झाला आहे. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी भारतातल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त आडनावे बदलली. 2007 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला, की दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावापेक्षा स्पष्ट कमी, मुस्लीम नावाला त्याहूनही कमी. त्यावर आमचा किती मध्यमवर्ग रस्त्यावर उतरला? ‘गुणवत्ता, गुणवत्ता’ असा जप करत तोच टोरंटोशेजारच्या मिसिसागाला गेला, आणि तिथे गुणवत्ता गुंडाळून त्याच्या हाती दिली गेली, तेव्हा त्याला अन्यायाची व्याख्या सुचली.

विद्या आहे पण अधिकार नाही, हे वाक्य या मातीला नवे नाही. कोल्हापूरच्या वेदोक्त प्रकरणात खुद्द छत्रपतींना, शाहू महाराजांना, वेदोक्ताचा अधिकार नाकारणारे निघाले. अधिकार कोणाचा हे ठरवणारे तेच, आणि दक्षिणेचे धनीही तेच. टोरंटोतल्या परवान्याची रचना याहून फार निराळी नाही. तिच्यावर तुटून पडायचे तर आधी आपल्या घरातली तीच रचना ओळखावी लागेल. अर्ध्या मनाने केलेली ओरड तिकडचा वकील एका वाक्यात उडवून लावील.

आणि आपल्या लपवाछपवीचे काय? मुलगा गोदामात पेट्या उचलतो, हे सत्यनारायणाला जमलेल्या पाहुण्यांना सांगायचे नाही. ‘लॉजिस्टिक्समध्ये आहे’ म्हणायचे. पेट्या उचलण्यात लाज कसली? लाज ज्याने त्याला फसवले त्याला वाटायला हवी. पण हाताने काम करणाऱ्याला हलका मानणारी आमची जुनी खोड इथे आमच्याच लेकरांवर उलटते. घरचे लपवतात, तो लपवतो, आणि मागचे दहा जण त्याचा फेसबुकवरचा बर्फातला फोटो बघून कन्सल्टंटच्या दारात उभे राहतात. तो कन्सल्टंट तर देवमाणूसच! हॉटेलच्या हॉलमध्ये सेमिनार, चहा-सामोसा, ‘पीआर झाली की लाइफ सेट.’ तुमच्या व्यवसायाला तिकडे परवाना लागतो का, लागत असेल तर किती परीक्षा, किती वर्षे, किती खर्च, यावर चकार शब्द नाही. पैसे घेऊन कॅनडाच्या व्हिसाचे काम करायला त्याच्या स्वतःजवळ तरी तिकडचा परवाना आहे का, हे विचारायचे आमच्या पालकांना सुचत नाही. बिल्डरच्या कागदांवर तीन वकील बसवणारे हेच लोक!

ओटावा सरकारकडे आमची मागणी अशी. निमंत्रणाच्या पत्रातच छापा, की गेल्या पाच वर्षांत या व्यवसायातल्या अनुभवाला गुण देऊन बोलावलेल्यांपैकी किती जण आज याच व्यवसायात आहेत. आकडे जनगणनेतून निघतात, जाहिरातीत मात्र येत नाहीत. ज्या व्यवसायाचा परवाना देता येत नाही, त्या व्यवसायातल्या अनुभवाला गुण देणे बंद करा, किंवा परवान्याची वाट खुली झाल्यावरच माणूस बोलवा.

ऑन्टारियोत 1 जानेवारी 2026 पासून पंचवीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना नोकरीच्या जाहिरातीत ‘कॅनेडियन अनुभव हवा’ असे छापायला बंदी आहे. छापायला बंदी आहे, मनात ठेवायला नाही. तेव्हा तिकडच्या मराठी मंडळांनी गणपतीच्या आरतीइतक्याच हौसेने एक वही उघडावी. कुठल्या मालकाने काय विचारले, कुठल्या परीक्षेनंतर कुठे अडवले, तारीख-वारासह नोंदवावे आणि मानवी हक्क न्यायाधिकरणापर्यंत न्यावे. अल्बर्टा प्रांतात चेकोस्लोव्हाकियात शिकलेल्या एका इंजिनिअरने असे भांडण नेले, 2014 मध्ये जिंकले आणि 2016 मध्ये वरच्या न्यायालयात हरला. एकटा होता. आपण तिथे एकटे नाही.

एक नोंद त्या मराठी साहेबांच्या नावे. वीस वर्षांपूर्वी हेच हाल सोसून जे आज मिसिसागात मॅनेजरच्या खुर्चीवर बसले आहेत आणि समोरच्या जोशी-कांबळे-शेखला शांतपणे विचारतात, ‘बट डू यू हॅव एनी कॅनेडियन एक्सपीरियन्स?’ वहीत त्यांचीही नावे लिहा.