शिप्रा की क्षिप्रा?

उज्जैनला सिद्धवटावर गुरुजींनी काकांना पहिला प्रश्न केला, ‘गाँव?’ काका म्हणाले, ‘नाशिक.’ ‘वो नहीं, पुराना.’ मग काकांनी सिन्नरकडचं मूळ गाव सांगितलं, पाठोपाठ जात आणि आडनाव. गुरुजींनी आतून लाल फडक्यात बांधलेली लांबट वही आणली, बोट ओलं करत पानं उलटली आणि दहाएक मिनिटांत काकांच्या आजोबांची मोडीतली सही आमच्यापुढे धरली. काका सहीवरून बोट फिरवत राहिले. मी मात्र, धंद्याची खोड, पानाच्या माथ्यावरचं गावाचं नाव वाचत होतो. ते जुन्या लिहिण्यातलं होतं, आज एसटीच्या पाटीवर असतं तसं नव्हे. पण त्या गावचे सगळे त्याच नावाखाली होते.

संध्याकाळी लॉजवर लॅपटॉप उघडला आणि लाज वाटली. तीन दिवसांचे चारशेच्या वर फोटो, सगळे एका फोल्डरमध्ये. फोल्डर करायला बसलं की पहिल्याच फोटोला अडायला होतं. वेधशाळेतलं सम्राट यंत्र घ्या. यंत्र सवाई जयसिंहाचं. पडझड झालेली वेधशाळा १९२३ साली दुरुस्त करून घेतली माधवराव शिंद्यांनी, आणि तिथला कारभार पाहिला गोविंद सदाशिव आपट्यांनी. म्हणजे फोटो ‘जयसिंह’मध्ये, ‘शिंदे’मध्ये की ‘आपटे’मध्ये? फाइल एकाच कपाटात राहते. चार ठिकाणी ठेवायची तर चार प्रती करा आणि पुढे कुठली खरी ते विसरा.

म्हणून टॅग. फाइल असेल तिथेच राहते, तिला लागतील तेवढी नावं चिकटवायची. मी टीएमएसयू नावाचं फुकटातलं साधन वापरतो. ते टर्मिनलमध्ये, म्हणजे काळ्या पडद्यावर टाइप करून चालवायचं. ‘टीएमएसयू टॅग’, मग फाइलचं नाव, मग जयसिंह, शिंदे, आपटे आणि साल=१९२३, झालं. (टाइप अर्थात रोमनमध्ये करायचं, इथे आपल्या लिपीत लिहितोय.) नंतर ‘शिंदे अँड नॉट महाकाल’ असं विचारलं की महाकाल मंदिराचे फोटो बाजूला राहून बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं गोपाळ मंदिर समोर येतं. महाकालालाही शिंदे लावावं लागतं, कारण आजचं मंदिर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी उभं केलं.

तासाभरात मी खूश. मग ‘टीएमएसयू टॅग्ज’ म्हणून टॅगांची यादी मागवली. यादीत शिप्रा होती आणि क्षिप्राही होती. एकीत साठ फोटो, दुसरीत तेवीस. शिंदे होतं, सिंधिया होतं, आणि घाईत पडलेलं सिंदिया. उज्जैनमध्ये ही चूक न होणं कठीण. गावालाच अवंतिका, उज्जयिनी, विशाला अशी पुराणापासूनची नावं, आणि नदीची तर पाटीगणिक नवी वर्तणी. माणसाला कळतं की नदी एकच. यंत्राला त्या दोन नद्या.

टॅगांवर चिडणारे बहुतेक लोक साधनाला शिव्या देतात. माझं मत वेगळं आहे. साधनं ठीक आहेत, आपणच शब्द ठरवत नाही. मॅकमध्ये २०१३पासून रंगीत टॅग आहेत, माउसने लावता येतात, दिसतातही छान. पण लाल म्हणजे ‘तातडीचं’ की ‘काकांना पाठवायचं’, हे महिन्याभराने लावणाऱ्यालाच आठवत नाही. काळ्या पडद्यावर रंग नसतो, शब्द टाइप करावा लागतो, आणि सगळे शब्द एकाखाली एक उभे राहिले की आपला गबाळेपणा लपत नाही. दुरुस्तीही तिथेच: ‘टीएमएसयू मर्ज शिप्रा क्षिप्रा’. एंटर. त्र्याऐंशी फोटो एका नदीत. ‘इम्प्लाय’ नावाची आणखी एक आज्ञा आहे. तिने सांगून ठेवलं की रामघाट आला की क्षिप्रा आलीच. पुन्हा लिहायला नको.

आता एक बोच. हे टॅग फाइलमध्ये नसतात, शेजारच्या एका लपवलेल्या फोल्डरातल्या नोंदवहीत असतात. फाइल गपचूप दुसरीकडे हलवली की नोंदवहीला पत्ता लागत नाही. मग ‘रिपेअर’ चालवायचं, ते फाइलच्या मजकुराचा ठसा ताडून तिला शोधून काढतं. टॅग थेट फाइललाच चिकटवायची सोयही लिनक्समध्ये आहे, आणि वर्षभर मी तसंच करत होतो. तसे फोटो पेनड्राइव्हवर टाकून मावसभावाला दिले. त्याच्याकडे फोटो पोचले, टॅग एकही नाही. पेनड्राइव्हच्या जुन्या पद्धतीच्या मांडणीत त्यांना जागाच नव्हती आणि कॉपी करणाऱ्या आज्ञेने चकार शब्द काढला नाही. तेव्हापासून मी नोंदवही वेगळी ठेवणाऱ्यांच्या बाजूचा.

निघायच्या दिवशी गुरुजींनी आमचीही नोंद केली. काकांचं नाव, माझं, माझ्या मुलीचं. सह्या घेतल्या, मोबाइल नंबर घेतला. काका पुन्हा म्हणाले, ‘आता नाशिकलाच असतो आम्ही.’ गुरुजींनी मान डोलावली, नाशिक आमच्या नावांपुढे बारीक अक्षरात लिहिलं आणि पान होतं तिथेच, त्या जुन्या गावाखाली, मिटलं.

— टंकमित्र