वास्तुकला भूखंडाच्या हद्दीपाशी संपत नाही

वास्तुरचनाकाराचे उत्तरदायित्व त्याच्याकडे सोपवलेल्या भूखंडाच्या हद्दीपर्यंतच पोहोचते, हद्दीबाहेरचा रस्ता, पदपथ, नाला आणि रेल्वेस्थानक हा महापालिकेचा किंवा त्या त्या प्राधिकरणाचा विषय आहे, अशी धारणा मुंबईच्या बांधकाम व्यवहारात इतकी रुळली आहे की ती वादाचा विषय होऊ शकते हेच विसरले गेले आहे. तिच्या पाठीशी नियमांचे बळ आहे. चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल हे ठरवणारे प्रमाण, आणि सामासिक अंतरे, म्हणजे इमारत व हद्द यांच्यामध्ये सोडावयाची मोकळी जागा, ही दोन्ही मापे भूखंड हेच एकक धरून मोजली जातात. पाण्याचा निचरा किंवा वाहनांची ये-जा यांविषयीचे प्रश्न परवानगीच्या वेळी उपस्थित होतात, परंतु त्यांची उत्तरेही एकेका भूखंडापुरतीच शोधली जातात. शेजारच्या दहा भूखंडांवरील दहा निर्दोष नकाशे एकत्र आले म्हणजे त्या परिसराचे काय होते, याची जबाबदारी कोणाकडेच नसते.

या धारणेच्या समर्थनार्थ पुढे केला जाणारा दुसरा युक्तिवाद अधिक आकर्षक आहे. इमारती उंच झाल्या की जमीन मोकळी होते आणि त्या मोकळ्या जमिनीवर हिरवाई फुलते, असे सांगितले जाते. ल कॉर्ब्यूझिए यांनी १९२५ साली पॅरिससाठी मांडलेल्या, उद्यानात उभ्या असलेल्या मनोऱ्यांच्या आराखड्यात हाच विचार होता. मुंबईत मात्र मनोऱ्यांनी मोकळी केलेली जमीन पोडियमने पुन्हा व्यापली. पोडियम म्हणजे मनोऱ्याच्या पायथ्याशी बांधलेले, मुख्यतः वाहनतळासाठी वापरले जाणारे मजले, ज्यांच्या गच्चीवर रहिवाशांसाठी बाग केली जाते. ही बाग स्लॅबवर पसरलेल्या मर्यादित मातीत वाढते, तिच्यातून झिरपलेले पाणी भूगर्भात न जाता नळांवाटे बाहेर पडते आणि वड-पिंपळासारख्या वृक्षाला तेथे मुळे रोवता येत नाहीत. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाच्या वाट्याला त्या बागेची सावली येत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर असते ती वाहनतळाची जाळीदार भिंत. मोकळी जमीन आणि सार्वजनिक जमीन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या युक्तिवादात लक्षात घेतले जात नाही.

हा भेद न पाळल्याचे परिणाम गिरणगावाइतके ठळकपणे क्वचितच कोठे दिसतील. गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद पडत गेलेल्या कापड गिरण्यांखाली सुमारे ६०० एकर जमीन होती, आणि तीही दाट वस्तीच्या मधोमध, मध्य व पश्चिम अशा दोन्ही रेल्वेमार्गांच्या लगत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनींची ढोबळमानाने तीन भागांत वाटणी अपेक्षिली होती: एक भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि एक गिरणीमालकाच्या विकासासाठी. १९९६ साली राज्य शासनाने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला, आणि त्याने सुट्या सुट्या गिरण्यांऐवजी या भूमीचा एकत्र विचार करण्याचा आग्रह धरला. २००१ च्या दुरुस्तीने मात्र ही वाटणी गिरणीच्या आवारात आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरतीच मर्यादित केली. ज्या जमिनीवर शेड उभ्या होत्या ती हिशेबातून वगळली गेल्याने शहराचा वाटा आक्रसला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली. नियमाची वैधता आणि नगररचनेची योग्यता हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचा निकाल लागल्याने दुसरा निकालात निघत नाही.

गिरण्यांची आवारेही उंच भिंतींनी बंदिस्त होती, तेव्हा पुनर्विकासाने नवे काय हिरावले, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु त्या भिंतींच्या आत जाणारा आणि बाहेरच्या चाळीत राहणारा माणूस एकच होता, आणि चाळ, गल्ली, नाका व गिरणीचा दरवाजा हे सर्व चालत गाठण्याच्या अंतरावर बांधलेले होते. पुनर्विकासाने भिंती कायम ठेवल्या आणि हा संबंध तेवढा तोडला. हजारो नोकरदार आता उपनगरांतून रेल्वेने येऊ लागले, पण स्थानक ते कार्यालय ही वाट कोणत्याही वास्तूच्या नकाशात नव्हती. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड व परळ या स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मृत्युमुखी पडली. या मृत्यूंचा दोष कोणत्याही एका इमारतीवर टाकता येणार नाही, आणि नेमके हेच या पद्धतीचे भयावह लक्षण आहे: प्रत्येक इमारत नियमात बसत होती, तरीही तेथे येणाऱ्या माणसांना पुरेशी वाट नव्हती.

पाण्याचेही असेच आहे. महालक्ष्मी-परळ पट्ट्यातील बराच भाग मूळचा खाजणाचा असून अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्डचा बांध घातल्यानंतर तो हळूहळू भरून काढला गेला. अशा सखल भूमीत एका भूखंडाने भराव घालून जोते उंचावले की तेथे मुरू न शकलेले पाणी रस्त्यावर आणि जुन्या चाळींच्या दिशेने उतरते. हा प्रश्न भूदृश्याचा आहे, म्हणून या संज्ञेचा अर्थ येथे स्पष्ट व्हावा. जमिनीचा उतार, मातीची खोली, पाण्याचा ओघ, वाऱ्याची दिशा, झाडांची सावली आणि या सर्वांमधून माणसांनी पाडलेल्या वाटा यांची एकत्रित घडण म्हणजे भूदृश्य. इमारत पूर्ण झाल्यावर उरलेल्या जागेत लावायची शोभेची झाडे हा त्याचा अर्थ घेणे ही मुळातली चूक आहे.

याच शहरात याहून वेगळे घडलेले आहे. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात, फोर्टची तटबंदी पाडली गेली आणि तटासमोरच्या मोकळ्या पटांगणाच्या कडेने सार्वजनिक इमारतींची एक रांग आखण्यात आली. जुने सचिवालय, विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह, राजाबाई मनोरा आणि उच्च न्यायालय या १८७० च्या दशकात पूर्ण झालेल्या वास्तू ओव्हल मैदानाकडे, आणि त्या काळी पलीकडच्या समुद्राकडे, तोंड करून उभ्या राहिल्या. विद्यापीठाच्या इमारतींचे आराखडे करणारे गिल्बर्ट स्कॉट कधीही भारतात आले नाहीत, तरी त्या वास्तू परक्या वाटत नाहीत, कारण त्यांची जागा, दिशा आणि समोरचे मैदान यांचा निर्णय एकेका इमारतीपेक्षा मोठ्या आराखड्यात झालेला होता. पुढे बॅकबेच्या भरावाने या रांगेसमोरचा समुद्र दूर नेला, आणि ती हानी खरी आहे. परंतु १९३० च्या दशकात मैदानाच्या पश्चिमेला उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारतींनी एकसारखी उंची व एकच दर्शनी रेषा पाळून मैदानाला दुसरी कड दिली. एका बाजूला गॉथिक कमानी, दुसऱ्या बाजूला गोलाईचे सज्जे, मध्ये सर्वांसाठीचे मैदान. २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरवला तो हाच समूह. शिस्तीमुळे प्रतिभा गुदमरते, हे मत येथे पूर्णपणे खोटे ठरते: दोन शैलींत साम्य नाही, त्यांच्या भूमीविषयक वर्तनात आहे.

तेव्हाची जमीन सरकारी होती आणि राजवट वसाहतीची, म्हणून ते शक्य झाले, असे यावर म्हटले जाते. वसाहतीच्या राज्यकर्त्यांनी ही भव्यता कोणासाठी उभारली आणि गिरणी कामगारांच्या वस्त्यांकडे किती काळ दुर्लक्ष केले, हे विसरण्याचे कारण नाही. परंतु जमिनीचा मुद्दा टिकत नाही. गिरणगावातील अनेक गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे सरकारच्याच, मालकीच्या होत्या, आणि खासगी गिरण्यांना जमिनीचा वापर बदलण्यासाठी शासनाचीच अनुमती लागत होती. लोकनियुक्त शासनाच्या हाती फ्रिअर यांच्याइतकीच संधी होती. उणीव होती ती भूखंडाऐवजी परिसर हे एकक मानण्याच्या निश्चयाची. मुंबई विद्यापीठात १९१९ पासून समाजशास्त्र व नागरिकशास्त्र शिकवणारे पॅट्रिक गेडिस शहराच्या प्रत्यक्ष पाहणीनंतरच आराखडा करावा, असे आवर्जून मांडत होते. हा विचार या शहराला नवा नाही.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदराच्या जमिनी आज त्याच वळणावर आहेत. तेथे शिवडीची फ्लेमिंगो उतरणारी चिखलपट्टी आहे, किल्ला आहे, गोदामे आहेत, हार्बर मार्गाची स्थानके आहेत आणि कामगारांच्या वस्त्या आहेत. भूखंड पाडून चटई क्षेत्र वाटण्यापूर्वी तेथे तीन रेषा आखून त्यांना कायद्याचे बंधन दिले पाहिजे: स्थानकापासून किनाऱ्यापर्यंत अखंड जाणारी पायवाट, भरती-ओहोटीच्या पाण्याला लागणारी मोकळी जमीन, आणि रस्त्याच्या कडेने इमारतींनी पाळावयाची सलग दर्शनी रेषा. त्या रेषांच्या आत वास्तुरचनाकाराने हव्या त्या शैलीत बांधावे. त्या ओलांडणारा आराखडा चटई क्षेत्राच्या हिशेबात कितीही अचूक बसला तरी परत पाठवला जावा.