शेअरात गुंतलेला उसाचा पैसा : ताळेबंदात दिसतो तेवढाच आहे का?



वार्षिक अहवाल हातात पडला की आपण पहिल्यांदा काय बघतो? गाळप किती झालं, उतारा किती पडला आणि टनाला भाव किती मिळणार. यात चूक काही नाही. पोटाचा प्रश्न आहे, तोच आधी बघणार. पण त्याच अहवालात ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूला 'गुंतवणूक' म्हणून एक सदर असतं, त्यावर कुणाची नजर थांबत नाही. सभेत विषय निघतो, 'मंजूर, मंजूर' होतं, आणि पुढं जेवणाची घाई. या सदराकडं जरा थांबून बघावं, एवढ्यासाठीच हे टिपण.

साखर कारखान्याची गुंतवणूक साधारण दोन जातीची असते. एक म्हणजे दुसऱ्या सहकारी संस्थांचे शेअर : जिल्हा बँक, राज्य बँक, संघ वगैरे. कर्ज घ्यायचं, सभासद व्हायचं, तर हे शेअर घ्यावेच लागतात. सहकारी संस्थेच्या शेअरची किंमत बाजारात वरखाली होत नाही. तो संस्थेला परत केला, तर भरलेल्या रकमेपेक्षा जास्त मिळत नाही. दुसरी जात म्हणजे कंपनीचे शेअर : एखाद्या वीजनिर्मितीच्या, आसवनीच्या किंवा यंत्रसामग्रीच्या कंपनीत घातलेला पैसा. सहकार कायद्याच्या ७० व्या कलमानं संस्थेचा पैसा कुठं गुंतवायचा याच्या वाटा आखून दिलेल्या आहेत. तेव्हा पहिला प्रश्न परवानगीचा, आणि दुसरा हिशेबाचा. परवानगीचा प्रश्न लेखापरीक्षक बघतात. हिशेबाचा मात्र आपण सभासदांनीही समजून घेतला पाहिजे.

हिशेबाचा नियम तसा साधा आहे. चार्टर्ड अकाउंटंट मंडळींच्या संस्थेनं १९९३ साली गुंतवणुकीच्या हिशेबाचं तेरावं मानक काढलं, ते १ एप्रिल १९९५ नंतर सुरू होणाऱ्या वर्षांना लागू झालं. त्यात म्हटलं आहे की, दीर्घ मुदतीसाठी घेतलेली गुंतवणूक खरेदीच्या किमतीला दाखवावी. दलाली, मुद्रांक, फी हा खर्चही त्या किमतीत धरावा. बाजारभाव चढला म्हणून वाढवून दाखवायची नाही, चार दिवस उतरला म्हणून कमीही करायची नाही. पण किंमत कायमची घसरली असेल, तर तेवढी तरतूद नफा-तोटा पत्रकात केलीच पाहिजे. आणि हा विचार प्रत्येक गुंतवणुकीचा वेगवेगळा करायचा. एका कंपनीत बुडालेलं दुसऱ्या कंपनीत वाढलेल्याच्या पोटात लपवायचं नाही.

हे कुठल्याही शेतकऱ्याला समजतं. बैल आजारी पडून आठ दिवस दावणीला राहिला, म्हणून आपण त्याची किंमत शून्य धरत नाही. पण पाय मोडून पडला, तरी घरात सांगताना 'पन्नास हजारांचा बैल आहे' म्हणत राहिलो, तर फसवणूक कुणाची? आपलीच.

आता एक आकडा मांडून बघू. समजा, एका कारखान्यानं एका कंपनीचे १०० रुपये दर्शनी किमतीचे १ लाख शेअर घेतले. खर्चासकट १ कोटी १ लाख रुपये पडले. त्या कंपनीचं एकूण भांडवल ४ कोटी, म्हणजे कारखान्याचा हिस्सा २५ टक्के. कंपनी पाच वर्षं तोट्यात, साठलेला तोटा अडीच कोटी, लाभांश एकदाही नाही. कंपनीत मूळ भांडवलातले दीड कोटीच उरले. म्हणजे शेअरमागं साडेसदतीस रुपये, आणि कारखान्याच्या वाट्याला साडेसदतीस लाख. ताळेबंदात मात्र १ कोटी १ लाखच लिहिलेले. साडेत्रेसष्ट लाखांचा फरक आहे, आणि अहवालात त्याबद्दल अक्षर नाही.

इथं घाईनं निकाल देऊ नये. नव्या कंपनीला पहिली दोन-तीन वर्षं तोटा होतोच. यंत्रं चांगली असतील, मागणी हातात असेल, तर तो तोटा भरूनही निघतो. म्हणून तोटा दिसला की तरतूद, असा सरधोपट हिशेब बरोबर नाही. पण पाच वर्षांत सुधारणेचं चिन्ह नसेल, तर संचालक मंडळानं दोनपैकी एक गोष्ट केली पाहिजे. एक तर तरतूद करावी, किंवा ती का केली नाही याचं कारण अहवालात लिहावं. गप्प बसणं हा तिसरा मार्ग नव्हे.

काही जण म्हणतात, तरतूद केली तर तोटा दिसेल, बँक कर्जाला हात आखडेल, उसाच्या भावावर परिणाम होईल. माझं म्हणणं उलटं आहे. पैसा गेला तो कंपनीत गेला, तरतुदीच्या नोंदीनं तिजोरीतून एक रुपयाही बाहेर जात नाही. नोंद फक्त खरं सांगते. शिवाय दिवस पालटले, तर केलेली तरतूद परत फिरवण्याची सोय त्याच मानकात आहे. आणि बँकेचे अधिकारी काही डोळे मिटून बसलेले नसतात. ते कंपनीचाही ताळेबंद मागतात. मग बँकेला जे कळतं, ते मालकानं का कळून घेऊ नये?

दुसऱ्या बाजूचा धोकाही तेवढाच. एखाद्या कंपनीच्या शेअरचा भाव तिप्पट झाला, की 'ही वाढ नफ्यात धरा, लाभांश वाढवा' असा आग्रह सुरू होतो. शेअर विकून पैसा हातात येईपर्यंत तो नफा कागदावरचा. उभ्या उसाची पट्टी कुणी आधी खर्च करतं का? बोनस शेअरचंही तसंच. एका भाकरीचे दोन तुकडे केले म्हणून पोट जास्त भरत नाही. शेअरची संख्या वाढते, प्रत्येकाची किंमत तेवढी उतरते, मूळ खर्च तोच राहतो. कायद्यानं निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकायला सांगितला आहे आणि लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. हे सगळं खऱ्या नफ्यासाठी आहे, फुगवलेल्या नफ्यासाठी नव्हे.

आता मुद्द्याची गोष्ट. हा पैसा आला कुठून? तुमच्या-माझ्या शेअर भांडवलातून, ऊसबिलातून कापलेल्या ठेवींतून, नाही तर बँकेच्या कर्जातून. वरच्या उदाहरणातला १ कोटी जर १२ टक्क्यांच्या कर्जातला असेल, तर वर्षाला १२ लाख व्याज, पाच वर्षांत ६० लाख. ते व्याज 'गुंतवणूक' या सदरात दिसत नाही, दुसऱ्याच रकान्यात बसतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाही तर १५ टक्के व्याज द्यावं लागतं. एकीकडं ऊसबिलं थकलेली आणि दुसरीकडं बिनलाभांशाचे शेअर कपाटात, अशी स्थिती असेल, तर सभासदानं विचारायलाच हवं.

हिस्सा मोठा असेल, तर नुसती खरेदीची किंमत पुरत नाही. एकत्रित ताळेबंद काढणाऱ्यासाठी मानकांनी २० टक्क्यांची रेघ धरली आहे. तिच्यावर मतांचा हिस्सा गेला, की त्या कंपनीच्या कारभारात आपला शब्द चालतो असं धरतात, आणि तिच्या नफ्या-तोट्यातला आपला वाटा दाखवतात. पन्नास टक्क्यांच्या वर गेलं, तर ती आपलीच पोटकंपनी. आपण एकत्रित ताळेबंद काढत नसलो, तरी त्या कंपनीचा ताळेबंद आपल्या अहवालाला जोडायला कुणाची आडकाठी आहे?

म्हणून सुचवावंसं वाटतं की, प्रत्येक वार्षिक अहवालात गुंतवणुकीसाठी एक वेगळं पान असावं, आणि त्यावर प्रत्येक कंपनीपुढं एवढं लिहिलेलं असावं :

१. शेअर किती, कोणत्या वर्षी घेतले, खर्चासकट किती पडले.
२. कंपनीच्या एकूण भांडवलात आपला हिस्सा किती टक्के.
३. बाजारात भाव असेल तर ३१ मार्चचा भाव, नसेल तर कंपनीच्या शेवटच्या ताळेबंदाप्रमाणं शेअरची किंमत.
४. गेल्या पाच वर्षांत मिळालेला लाभांश, वर्षवार.
५. शेअरशिवाय त्या कंपनीला दिलेली उचल, ठेव किंवा हमी.
६. तरतूद केली असेल तर किती, नसेल तर का नाही.
७. कारखान्याच्या वतीनं त्या कंपनीवर कोण बसतं आणि त्यांना तिथून काय मिळतं.

शेवटच्या कलमाचा कुणी राग मानू नये. एकच माणूस पैसा देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या अशा दोन्ही खुर्च्यांवर असतो, तेव्हा त्याच्या स्वतःच्या अब्रूसाठीही हे उघड लिहिलेलं बरं.

कायद्याच्या ३२ व्या कलमानं शेवटचा तपासलेला ताळेबंद कार्यालयात जाऊन फुकट बघण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. तो वापरावा. सभेच्या आधी लेखी प्रश्न द्यावेत, नीट भाषेत, आकड्यानिशी. आरडाओरडा करून सभा उधळली, की उत्तर न देणाऱ्याचीच सोय होते.

गुंतवणूक करूच नये, असं मुळीच म्हणणं नाही. साखरेच्या एकट्या धंद्यावर कारखाने तगत नाहीत, हे आपण सगळे अनुभवतो आहोत. जोडधंदा पाहिजे, त्यात धोकाही पत्करला पाहिजे. पण धोका पत्करणाऱ्याला तो किती आहे हे कळलं पाहिजे. काट्यावर आपल्या उसाचं वजन किलोकिलोनं बघणाऱ्या सभासदानं आपल्या कोटीचंही वजन एकदा करून घ्यावं.