विश्लेषण : चौक आधी संगणकात, मग रस्त्यावर! वाहतुकीच्या ‘सिम्युलेशन’वर किती विश्वास ठेवायचा?

पुण्यातील विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल जुलै २०२० मध्ये पाडण्यात आला, कारण त्या जागी हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो आणि वाहने यांच्यासाठी दुमजली पूल हवा होता. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे स्फोटकांनी पाडला गेला आणि तिथली नवी रचना १२ ऑगस्ट २०२३ रोजी खुली झाली. काँक्रीट एकदा ओतले की बदल किती महाग पडतो, हे पुणेकरांना नव्याने सांगायला नको. म्हणूनच चौकात काहीही करण्याआधी तो संगणकात बांधून पाहण्याची पद्धत आहे. मोठ्या प्रकल्पांच्या सादरीकरणात हल्ली एक चित्रफीत असतेच. रंगीत मोटारी रांगेत येतात, हिरवा दिवा लागताच सुरळीत निघून जातात, कुठेही हॉर्न नाही. ही चित्रफीत नेमकी कशी तयार होते आणि ती पाहताना काय तपासायचे?

सिम्युलेशन म्हणजे काय?

चौकाचा नकाशा, रस्त्यांची रुंदी, सिग्नलच्या वेळा आणि कोणत्या दिशेने तासाला किती वाहने येतात ही माहिती सॉफ्टवेअरला दिली जाते. त्यानंतर प्रत्येक वाहन स्वतंत्रपणे चालवले जाते. पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचे, ब्रेक कधी मारायचा, लेन कधी बदलायची हे सेकंदाच्या लहान लहान भागांत ठरवले जाते. या प्रकाराला सूक्ष्म सिम्युलेशन म्हणतात.

या क्षेत्रात दोन नावे वारंवार कानावर येतात. पहिले ‘व्हिसिम’. जर्मनीतील कार्ल्सरूहच्या पीटीव्ही कंपनीचे हे व्यावसायिक सॉफ्टवेअर सल्लागार कंपन्या वापरतात. दुसरे ‘सुमो’. जर्मनीच्याच अंतराळ संशोधन संस्थेने (डीएलआर) ते विकसित केले असून ते मुक्तस्रोत, म्हणजे पूर्णपणे मोफत आहे. बऱ्यापैकी लॅपटॉप असलेला स्थापत्य अभियांत्रिकीचा कोणताही विद्यार्थी आज रात्री ते उतरवून उद्या सकाळी आपल्या घराजवळचा चौक त्यात उभा करू शकतो.

सूत्र असताना सॉफ्टवेअर कशाला?

सिग्नलच्या वेळा काढण्याचे सूत्र १९५८ पासून उपलब्ध आहे. ब्रिटनमधील रोड रिसर्च लॅबोरेटरीतील एफ. व्ही. वेबस्टर यांनी ते मांडले आणि अभियांत्रिकीच्या परीक्षेत ते आजही विचारले जाते. प्रत्येक फेज बदलताना काही सेकंद वाया जातात. त्यांच्या बेरजेची दीडपट करून त्यात पाच मिळवायचे. मग चौकाच्या क्षमतेचा जेवढा भाग वापरला जात आहे तो एकातून वजा करायचा आणि त्या उत्तराने भागायचे. मिळालेला आकडा म्हणजे सिग्नलचे पूर्ण चक्र किती सेकंदांचे हवे ते.

उदाहरणार्थ, चार फेजच्या चौकात एकूण १६ सेकंद वाया जात असतील आणि ७० टक्के क्षमता वापरात असेल, तर चक्र सुमारे ९७ सेकंदांचे येते. वापर ८० टक्के झाला तर १४५ सेकंद. ९० टक्के झाला तर थेट २९० सेकंद, म्हणजे जवळपास पाच मिनिटे! वाहने थोडीच वाढली, पण थांबणे दुपटीने वाढले. ‘कालपर्यंत तर ठीक होते’ असे ज्या चौकाबद्दल म्हटले जाते, तिथे बहुधा हेच घडलेले असते.

मात्र या सूत्राला बसथांब्यावर तिरकी उभी राहिलेली बस दिसत नाही. पुढच्या सिग्नलची रांग मागे सरकत या चौकात आली, तर तेही त्याला कळत नाही. सिम्युलेशनची गरज पडते ती इथे.

गाडीचा ‘चालक’ कुठून येतो?

व्हिसिममधील चालक मूळचा १९७४ चा आहे. कार्ल्सरूहचे संशोधक राइनर वीडेमान यांनी त्या वर्षी मांडलेल्या प्रतिमानावर तो आधारलेला आहे. पुढची गाडी जवळ येते आहे हे चालकाला एका मर्यादेनंतरच जाणवते, मग तो वेग कमी करतो, थोडा जास्तच कमी करतो आणि पुन्हा वाढवतो, ही त्यामागची कल्पना. सुमो क्राउस यांचे प्रतिमान वापरते. त्याचा गाभा असा की, पुढच्याने अचानक ब्रेक मारला तरी धडक होणार नाही एवढाच वेग ठेवायचा.

माणसाच्या या छोट्या चुका मॉडेलमध्ये असाव्याच लागतात. जपानमधील संशोधकांनी २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी सारख्या वेगाने चालवायला सांगितल्या होत्या. सिग्नल नाही, वळण नाही, अडथळा नाही. तरीही थोड्याच वेळात कोंडी तयार झाली आणि ती मागे मागे सरकू लागली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग या विषयाच्या जवळपास प्रत्येक वर्गात दाखवला जातो.

आपली दुचाकी सॉफ्टवेअरला का कळत नाही?

नवशिक्याची पहिली फजिती होते ती इथेच. सॉफ्टवेअर उघडले की गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावू लागतात. ते सेटिंग बदलता येते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. मूळ सेटिंगनुसार एका लेनमध्ये एकामागे एक वाहन असते. दुचाकी मोटारीच्या मागे मुकाट्याने उभी राहते आणि तिच्या मागे रिक्षा, रिक्षाच्या मागे बस. असा चौक महाराष्ट्रात कुणी पाहिला आहे का?

आपल्याकडे लाल दिवा लागला की दुचाक्या मोटारींच्या फटींतून पुढे येतात आणि स्टॉप लाइनजवळ गोळा होतात. दिवा हिरवा झाल्यावर पहिल्या काही सेकंदांत एकदम वीस-पंचवीस दुचाक्या निघून जातात, मोटारींचा नंबर नंतर लागतो. हे वागणे मॉडेलमध्ये आणायचे तर वाहनाला लेनमध्ये कुठेही उभे राहण्याची मुभा द्यावी लागते. त्याच लेनमधून डावीकडून व उजवीकडून पुढे जाण्याचा पर्याय सुरू करावा लागतो, रांगेत शेजारी शेजारी घुसण्याची परवानगी द्यावी लागते. व्हिसिममध्ये थांबलेल्या दोन गाड्यांतील सरासरी अंतर मुळात दोन मीटर धरलेले असते. तेही आपल्याकडील अंतर मोजून कमी करावे लागते. सुमोमध्ये लेनचे उभे बारीक पट्टे करणारी ‘सबलेन’ सोय आहे, पण ती आपणहून सुरू होत नाही.

वाहनांची मोजणीही सरळ नाही. वेगवेगळी वाहने एकाच मापात आणण्यासाठी ‘पीसीयू’ हे एकक वापरतात. मोटार म्हणजे १. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शक तत्त्वांत दुचाकीसाठी दोन आकडे आहेत. रहदारीत दुचाक्यांचे प्रमाण जेमतेम पाच टक्के असेल तर ०.५ आणि दहा टक्के किंवा जास्त असेल तर ०.७५. एक हजार दुचाक्यांचे एका हिशेबाने ५०० होतात, दुसऱ्याने ७५०. पण सिग्नलला फटीतून पुढे येणारी दुचाकी तेवढी जागा खरोखर अडवते का? केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने देशातील रहदारी मोजून तयार केलेल्या ‘इंडो-एचसीएम’ या २०१७ च्या ग्रंथात सिग्नलच्या चौकांसाठी वेगळे गुणांक दिले आहेत ते म्हणूनच. अहवालात कोणता गुणांक घेतला, यावरच पुष्कळदा चौक ‘अपुरा’ ठरतो की ‘पुरेसा’.

मॉडेलमधील कोंडी गायब कशी होते?

सुमोमध्ये एखादी गाडी ३०० सेकंद जागची हलली नाही, तर मूळ सेटिंगनुसार ती तिथून उचलली जाते आणि तिच्या मार्गावर पुढे जिथे जागा असेल तिथे ठेवली जाते. या प्रकाराला तिथे ‘टेलिपोर्ट’ असेच नाव आहे. व्हिसिममध्ये लेन बदलायला जागा न मिळाल्याने ६० सेकंद अडून बसलेली गाडी थेट नाहीशी होते. यात फसवणूक नाही. मॉडेल एका गाडीपायी कायमचे ठप्प होऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे आणि किती गाड्या अशा उचलल्या याची नोंद सॉफ्टवेअर देते. ती नोंद न वाचणाऱ्याला मात्र वाटते, की चौक छान चालला आहे.

दुसरी पळवाट मॉडेलच्या सीमेवर असते. समजा, चौकाच्या प्रत्येक बाजूला फक्त २०० मीटर रस्ता काढला आणि रांग ५०० मीटरची आहे. उरलेल्या गाड्यांना आत यायला जागाच नाही. त्या मॉडेलच्या दाराबाहेर थांबतात, पडद्यावर दिसत नाहीत आणि आतल्या गाड्यांच्या सरासरी विलंबात मोजल्याही जात नाहीत. सॉफ्टवेअर त्यांचा आकडा वेगळा देते. तो शून्य नसेल, तर सरासरी विलंबाचा आकडा खरा चौक सांगत नाही.

उड्डाणपुलाच्या बाबतीत हे अधिकच महत्त्वाचे. पूल एका चौकातील रांग उचलतो आणि पुढच्या सिग्नलला नेऊन ठेवतो. विद्यापीठ चौकाला औंध, बाणेर, पाषाण आणि गणेशखिंड असे रस्ते येऊन मिळतात. यांपैकी एकाचा पुढचा सिग्नल मॉडेलमध्ये नसेल, तर तिकडे गेलेली कोंडी दिसणार कशी?

मोजणी कुठे उभे राहून करायची?

विद्यार्थी बहुधा मोबाइल उंचावर लावून चित्रीकरण करतात आणि स्टॉप लाइन ओलांडणारी वाहने मोजतात. मोकळ्या चौकात ते चालते. कोंडलेल्या चौकात मात्र स्टॉप लाइन ओलांडणारी वाहने म्हणजे जेवढी सुटली तेवढी. जेवढी आली तेवढी नव्हेत. तासाला २००० वाहने येत असतील आणि १६०० सुटत असतील, तर १६०० चा आकडा भरलेले मॉडेल कोंडीशिवाय चालेल. मग नवी रचना ‘यशस्वी’ ठरेल, तीही काहीच न बदलता. त्यासाठी रांगेच्या शेपटाशी, म्हणजे गाड्या येऊन थांबतात तिथे मोजावे लागते. उन्हात, धुरात आणि रांग लांबेल तसे मागे सरकत. कंटाळवाणे काम आहे, म्हणूनच बहुधा टाळले जाते.

मॉडेल जुळले की नाही हे तपासायला ‘जीईएच’ नावाचे माप आहे. रस्त्यावर मोजलेली आणि मॉडेलमधून गेलेली वाहने यांतील फरकावरून ते काढतात. किमान ८५ टक्के ठिकाणी ते पाचच्या खाली असावे, असा प्रघात आहे. रस्त्यावर तासाला १६०० वाहने आणि मॉडेलमध्ये १४५० असतील, तर उत्तर ३.८ येते, म्हणजे पास. मॉडेलमध्ये १४०० असतील तर ५.२, म्हणजे नापास. पण हे माप केवळ संख्येचे. रांगेची लांबी आणि चौक ओलांडायला लागणारा वेळ वेगळा पडताळावा लागतो. शिवाय गाड्या कधी येणार हे सॉफ्टवेअर यादृच्छिक पद्धतीने ठरवते. त्यामुळे एकदा चालवून मिळालेले उत्तर ग्राह्य धरत नाहीत. वेगवेगळ्या सुरुवातींनी अनेकदा चालवून सरासरी काढतात.

पादचारी कुठे आहे?

बहुतेक चित्रफितींत तो नसतोच. असला तर कोपऱ्यात शोभेला. वास्तविक पादचाऱ्यांचे मॉडेलिंग दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये करता येते, पण त्यांची मोजणी फार थोडे जण करतात आणि ‘सरासरी विलंब’ सहसा वाहनांचाच छापला जातो.

हिशेब मोठा नाही. चालण्याचा वेग सर्वसाधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरतात. १४ मीटर रुंद रस्ता ओलांडायला मग सुमारे १२ सेकंद लागतात. गुडघे दुखणाऱ्या आजी सेकंदाला ०.८ मीटर चालत असतील तर साडेसतरा. वाहनांचा विलंब कमी करण्यासाठी त्या साडेपाच सेकंदांना कात्री लावली, तर मॉडेलमधला आकडा सुधारतो आणि आजी दुभाजकावर अडकतात. चांदणी चौकाची नवी रचना खुली झाल्यावर, पायी जाणाऱ्यांनी रस्ता कुठून ओलांडायचा, हा प्रश्न नागरिकांनी विचारला होता आणि पादचारी पुलाची मागणी पुढे आली होती.

अहवालात काय पाहायचे?

चौकाचा अहवाल हाती आला तर चित्रफितीच्या आधी त्याची परिशिष्टे उघडावीत. मोजणी कोणत्या वारी, किती तास आणि रांगेच्या कोणत्या टोकाला झाली, दुचाकीचा गुणांक कोणता धरला, चालकाची कोणती मूल्ये बदलली, मॉडेलबाहेर किती गाड्या अडकून राहिल्या, पुढचा सिग्नल त्यात आहे का आणि पादचाऱ्याला किती सेकंद थांबावे लागते, ही माहिती तिथे असायला हवी. ती मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात सार्वजनिक प्रकल्पाचा अहवाल आणि मोजणीचे तक्ते मागता येतात. सुमो मोफत असल्याने ते तक्ते वापरून तोच चौक पुन्हा चालवून पाहणे अभियांत्रिकीच्या एखाद्या वर्गालाही जमण्यासारखे आहे.