ब्रेक विकणारे आणि इंजिन समजून घेणारे

सध्या आपल्या नातेवाईकांत एक चित्रफीत फिरते आहे. अ‍ॅल्युमिनियमची तिरकी पट्टी, तिच्यावर ठेवलेले चकचकीत चुंबक, आणि ते मधात बुडवल्यासारखे संथपणे खाली येते. इथपर्यंत उत्तम. बघायला खरेच मौज वाटते. पण मग मागून एक भारदस्त आवाज येतो. म्हणे हे चुंबक गुरुत्वाकर्षणाला हरवते आहे, याच शक्तीवर चालणारे जनित्र तयार आहे, विजेचे बिल कायमचे बंद, आणि जिल्ह्याजिल्ह्यात वितरक नेमणे आहेत. अनामत रक्कम अमुक अमुक. आपल्यातले दोघे ती रक्कम भरायच्या बेतात आहेत म्हणून हा लेख. नावे घेत नाही, त्यांचे त्यांना कळेल!

आता कुणी म्हणेल, "मावशी, तू मराठी माध्यमातली बी.ए., जन्मभर व्याकरण शिकवलेस, तुला यातले काय कळते?" बरोबर आहे. पण घड्याळ बघायला पदवी लागत नाही.

उद्यमनगरातल्या भंगारवाल्याकडून मीटरभर लांब, ५ सेंटिमीटर रुंद, ६ मिलिमीटर जाड अशी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणली. तेवढ्याच लांबीची लाकडी फळी घरात होती. नियोडिमियमचे रुपयाएवढे चुंबक, वजन १२ ग्रॅमच्या आसपास, आणि तेवढ्याच वजनाची साधी लोखंडी चकती. दोन्ही उतारांचे वरचे टोक जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच. भांडवल एवढेच.

लाकडावर चुंबक सोडले, सेकंदाभरात खाली. अ‍ॅल्युमिनियमवर लोखंडी चकती सोडली, तीही सेकंदाभरात खाली. अ‍ॅल्युमिनियमवर चुंबक सोडले, अकरा सेकंद! म्हणजे करामत एकट्या चुंबकाची नाही आणि एकट्या धातूचीही नाही. टाळी दोन हातांनी वाजते. आता या पायरीकडे बघा, कारण चित्रफीतवाले नेमकी हीच दाखवत नाहीत. पट्टीच्या मधोमध खडूने रेघ मारली आणि वरच्या अर्ध्याचा आणि खालच्या अर्ध्याचा वेळ वेगवेगळा मोजला. दोन्ही जवळजवळ सारखे. घसरणारी वस्तू खाली येताना वेग घेत जाते, हे घसरगुंडीवरच्या पोरालाही ठाऊक असते. इथे वेग वाढतच नाही, अगदी सुरुवातीलाच एका ठिकाणी बांधला जातो.

का? चुंबक सरकले की त्याच्याखालच्या धातूत विजेचे भोवरे उठतात. इंग्रजीत त्याला एडी करंट म्हणतात, आपण भोवरा प्रवाह म्हणू. या भोवऱ्यांचे स्वतःचे चुंबकत्व तयार होते आणि ते येणाऱ्या चुंबकाला अडवते, जाणाऱ्याला मागे ओढते. चुंबक जितके जोरात, विरोध तितका जास्त. पण चुंबक थांबले की भोवरे संपले आणि विरोधही संपला. पट्टी आडवी करून त्यावर चुंबक ठेवा, ओढ शून्य. त्यामुळे ही शक्ती चुंबकाला हळू करील, पण स्वतःहून ना ढकलील, ना धरून ठेवील. जे फक्त अडवते त्याला आपण ब्रेक म्हणतो. ब्रेक दाबून गाडी पळवल्याचे कुणी पाहिले आहे का?

यात गुप्त असेही काही राहिलेले नाही. तांब्याची तबकडी फिरवली की वरची चुंबकसुई तिच्यामागे ओढली जाते हे फ्रान्सच्या आरागोला १८२४ साली दिसले. १८३१ मध्ये फॅरेडेने मूळ कारण शोधले, १८३४ मध्ये लेन्झने दिशेचा नियम दिला. १८५५ मध्ये फूकोने दाखवले की चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तबकडी फिरवायला जोर लागतो आणि ती तापते. म्हणजे ऊर्जा नाहीशी झाली नाही, वाढलीही नाही, तिची उष्णता झाली.

"मग पट्टी गरम का लागत नाही?" असा प्रश्न एका पुतण्याने विचारला. प्रश्न चांगला आहे, त्याला दहापैकी आठ गुण. हिशेब करू. १२ ग्रॅमचे चुंबक ५० सेंटिमीटर खाली आले की मिळणारी सगळी ऊर्जा ०.०६ ज्यूल. पट्टीचे वजन सुमारे ८०० ग्रॅम. सगळी उष्णता तिलाच मिळाली असे धरले तरी तापमान एका अंशाच्या दहा हजाराव्या भागानेही वाढत नाही. हाताला काय लागणार, कपाळ?

हाच आकडा त्या वितरकापुढे ठेवा. ०.०६ ज्यूलवर ९ वॅटचा एलईडी दिवा सेकंदाचा शंभरावा भागही जळत नाही. एक दिवा चालू ठेवायला हे चुंबक दर सेकंदाला दीडशे वेळा वर उचलून ठेवावे लागेल. उचलणार कोण? तुम्हीच! आणि ती ऊर्जा तुमच्या आमटीभातातून येणार.

ब्रेक म्हणून मात्र ही गोष्ट सोन्यासारखी. आपल्या जुन्या वीजमीटरमध्ये काळी खूण असलेली चकती फिरायची, आठवते? ती अ‍ॅल्युमिनियमची होती, आणि तिच्या कडेला एक कायमचे चुंबक बसवलेले असे, तिला आवरायला. त्या ब्रेकमुळेच तिचा वेग विजेच्या वापराच्या प्रमाणात राही आणि युनिटे बरोबर मोजली जात. इतकी वर्षे जी गोष्ट भिंतीवर बसून आपले बिल मोजत होती, तीच आता बिल बंद करणार म्हणे!

राग मला विकणाऱ्यापेक्षा आपल्यातल्या शिकलेल्यांचा जास्त आहे. गटावर तीन इंजिनिअर आहेत. एकाने लिहिले, "लेन्झचा नियम, बारावीला असतो," आणि खाली हसरा चेहरा. बास? नाव सांगितले म्हणजे समजावले असे होत नाही. पैसे भरणाऱ्याला नियमाचे नाव नको असते, त्याला हिशेब हवा असतो. तो हिशेब दहा ओळींत होतो, वर केलाच आहे.

असो. पॅरिसच्या रॉयल अकादमीने १७७५ सालीच ठरवले होते की अखंड चालणाऱ्या यंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासायचेच नाहीत. आपल्याला एवढे कडक व्हायला नको. त्या माणसाला सांगा, यंत्र माझ्या घरी आण, वायर आणि बॅटरी काढ, एक दिवा जोड आणि आठ दिवस कुलूपबंद खोलीत सोड. दिवा नवव्या दिवशी जळत असला तर अनामत मी भरते, माझ्या पेन्शनमधून.

ज्यांना प्रयोग करायचा आहे त्यांनी माझी पट्टी न्यावी. दुसरी एक आहे, तिला करवतीने कंगव्यासारख्या आडव्या फटी पाडल्या आहेत. तिच्यावर चुंबक बरेच लवकर खाली येते. का, ते पोरांना विचारा, लगेच सांगू नका. मात्र चुंबके लहान मुलांच्या हाती सोडू नका. दोन गिळली तर आतड्याच्या पदरांना मध्ये धरून चिकटतात आणि प्रकरण ऑपरेशनवर जाते. माझी दोन्ही चुंबके लाकडी ठोकळ्याच्या दोन बाजूंना लावून वरच्या फडताळात ठेवली आहेत.