पिंजरा कधी लावायचा?

दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी अकोल्याहून बार्शीटाकळीकडे निघाले, की सोयाबीनच्या कुटाराने शिगोशीग भरलेली एखादी ट्रॉली पुढे लागते. मागचा दिवा कुटाराखाली दडलेला, फाळक्यावर रिफ्लेक्टरचा मळका तुकडा आणि मागे उडणारा भुसा. दुचाकीवाला डोळे बारीक करतो, हँडल जरा बाजूला घेतो आणि भुशाआडची ट्रॉली ओळखतो. हेच काम यंत्राला का जड जाते, ते आता समजून घ्यायला हवे. अवजड वाहनांत आपोआप लागणाऱ्या ब्रेकची सक्ती सुचवणारा मसुदा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मार्च 2025 मध्ये काढला. असे ब्रेक आज बहुतेक ठिकाणी रडार आणि कॅमेऱ्याच्या भरवशावर चालतात. लेझरने अंतर मोजणारा लायडर महाग म्हणून मागे आहे, पण तोही येतो आहे.

लायडरचे गणित शाळकरी आहे. लेझरचा झोत सोडायचा आणि तो आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचे. प्रकाश एका नॅनोसेकंदात 30 सेंटीमीटर जातो. जाणे-येणे धरले तर एक नॅनोसेकंद म्हणजे 15 सेंटीमीटर अंतर. 30 मीटरवरच्या ट्रॉलीचा प्रकाश 200 नॅनोसेकंदांत परततो.

अवघड आहे ते टिपणे. एकेक फोटॉन टिपणारा डायोड हा उंदराच्या पिंजऱ्यासारखा असतो. एकदा दार पडले, की पुन्हा लावेपर्यंत दुसरा उंदीर समोरून गेला तरी उपयोग नाही. पुन्हा लावायला 20 नॅनोसेकंद लागतात असे धरू; तेवढ्यात 3 मीटरचा पट्टा कोरा जातो. ट्रॉलीच्या मागे दोन मीटरवर भुसा तरंगतो आहे. दार भुशावर पडते आणि ट्रॉलीचा प्रकाश येतो तेव्हा पिंजरा बंद असतो.

मे महिन्यात वेगळेच. अकोल्याचा पारा 45 च्या पुढे जातो, उन्हाचे फोटॉन सारखे आदळत असतात, शिवाय तापलेला डायोड काही न येताच दार पाडतो. पिंजरा फार आधी लावला, तर खरा प्रकाश पोचण्यापूर्वीच तो उन्हाने पडलेला असतो.

म्हणून रिसीव्हर कधी जागा करायचा, हेच या यंत्राचे मर्म. झोत सुटताक्षणी तो बंद ठेवतात, नाहीतर स्वतःच्याच काचेवरून उलटलेला प्रकाश दार पाडेल. आपल्याकडे त्या काचेवर धुळीचा थरही असायचाच. मग प्रत्येक झोताला उघडण्याची वेळ थोडी पुढे-मागे करतात. शेकडो झोतांची नोंद एकत्र मांडली, की विखुरलेले ऊन सपाट पडते आणि ट्रॉली एकाच जागी उंचवटा करून दिसते. भुशावर दार पडू नये म्हणून त्याच्या पल्याड उघडणेही शक्य आहे. गंमत अशी, की आपण ज्याचा आग्रह धरतो तो चकचकीत रिफ्लेक्टर इतका जोरात उजळतो, की शेजारच्या पिंजऱ्यांचीही दारे पाडू शकतो. पट्टी लावायलाच हवी. माणसाच्या डोळ्याला तीच दिसते.

पण उशिरा उघडण्याची किंमत आहे. सुरुवातीचे 10 नॅनोसेकंद बंद म्हणजे पहिला दीड मीटर आंधळा. बाजाराच्या दिवशी बार्शीटाकळीत दीड मीटरमध्ये कुत्रे, शेळी, पोर, काहीही असते. भुसा टाळायचा की पोर पाहायचे, हा निर्णय कुठल्यातरी प्रोग्रॅममध्ये आधीच घेतलेला असतो आणि माहितीपत्रकावर ठळकपणे छापलेला असतो तो लांबचा पल्ला. आमच्या मते खरेदीदाराने आणि नियम करणाऱ्यानेही डोळा किती वेळ मिटलेला असतो, ते आधी विचारावे. आणि वाहनांची पारख करणाऱ्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांनी चाचणीत गुळगुळीत पुतळ्यांबरोबर एक कुटाराची ट्रॉली उभी करावी. भुसा उडत असताना.