उंचावलेली जीप आणि खचलेला रस्ता

मोठे चाक ही विदर्भाला नवी गोष्ट नव्हे. कपाशीच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात लहान चाक रुतते आणि मोठे चाक चिखलावरून पुढे सरकते, हे येथील सुतार-लोहारांना पदार्थविज्ञानाचे पुस्तक न उघडताही ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी बैलगाडीला कमरेच्या वर येणारी लाकडी चाके दिली व त्यांवर लोखंडी धाव चढविली. तेव्हा यवतमाळलगतच्या लोहाऱ्यात, दारव्हा मार्गावर, आज धड उचलून मोठे टायर बसविलेल्या जीपगाड्या दिसतात, त्यात तंत्राचे नवल काही नाही. विचार करण्याजोगी गोष्ट निराळी आहे. बैलगाडीचे मोठे चाक ही साऱ्या गावाची तजवीज होती. या जीपचे मोठे चाक एकट्याची आहे.

प्रथम हिशेब मांडू. २४५/७५ आर १६ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर भरतो. त्या जागी ३३ इंची, म्हणजे ८३८ मिलिमीटरचा टायर चढविला, तर आस वर येतो केवळ ३२ मिलिमीटर. कारण व्यासातील वाढीचा निम्माच भाग आसाखाली असतो. स्प्रिंगा बदलून धड आणखी दोन इंच उंचावले, तरी मागच्या अखंड आसाचा गोळा, जो खडकाला आधी अडतो, त्यामुळे तसूभरही वर येत नाही. धड उचलले जाते ते बहुधा फुगलेल्या टायराला कमानीत फिरण्यास जागा मिळावी म्हणून. एवढ्या सव्वा इंचासाठी चाकाची प्रत्येक फेरी आठ टक्क्यांनी लांबते. काटा ६० दाखवितो तेव्हा गाडी ६५ च्या वेगाने धावत असते आणि ब्रेकचा जोर जमिनीपाशी जवळपास त्याच प्रमाणात घटतो. गुरुत्वमध्य वर सरकल्यामुळे वळणावर उलटण्याची भीती वाढते ती वेगळीच.

हे धोके मालकाने आपखुशीने पत्करले, असे म्हणता येईल. परंतु उंचावलेले दिवे समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या नेमके डोळ्यांत शिरतात, त्याला कोणी विचारले होते काय? अमेरिकेतील महामार्ग-सुरक्षा विमा संस्थेने २०२३ साली दाखवून दिले की, ज्या गाड्यांचे बॉनेट ४० इंचांहून उंच असते, त्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक असते. अर्थशास्त्रात आम्ही याला बाह्य परिणाम म्हणून शिकवीत आलो. साध्या भाषेत, हौस एकाची आणि भुर्दंड दुसऱ्याला.

कायदा या बाबतीत गप्प नाही. निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत असा बदल वाहनात करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा बदलागणिक पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. पाच हजार! या मापाचा एक टायरही तेवढ्यात येत नाही. ज्याच्या खिशाला दंड हा परवाना-शुल्कासारखा वाटतो, त्याच्यापुढे तो दंड राहतच नाही.

तथापि माझा मुख्य आक्षेप कायद्याच्या भंगावर नाही. आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली नायजेरियातील रेल्वेचे उदाहरण घेऊन एक मार्मिक प्रश्न विचारला होता. मालमोटारींची स्पर्धा असूनही ती रेल्वे सुधारली का नाही? त्यांचे उत्तर असे की, ज्यांची तक्रार सर्वांत मोठ्याने ऐकू आली असती तेच ग्राहक मालमोटारींकडे निघून गेले. मागे उरले ते ज्यांचे कोणी ऐकत नाही असे. आमच्या रस्त्यांचे हेच होत आहे. कंत्राटदार, व्यापारी, पुढारी यांची गाडी खड्ड्यावरून तरंगत गेली की खड्डा त्यांच्यापुरता नाहीसा होतो. खड्डा मात्र तिथेच असतो, एस. टी.ची वाट पाहणाऱ्या बाईसाठी, बाळंतिणीला घेऊन निघालेल्या रिक्षासाठी, सायकलवरच्या शाळकरी मुलीसाठी. जो आमदाराला दूरध्वनी करू शकला असता, त्याने गॅरेजवाल्याला केला.

आणि हे रस्ते उभे कसे राहिले, हेही विसरून चालणार नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या गावोगाव स्त्री-पुरुषांनी भर उन्हात खडी फोडली. त्या कामांना पुढे १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने हक्काचे रूप दिले आणि त्यासाठी शहरातील नोकरदारांच्या पगारातून १९७५ पासून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. माझ्याही पगारातून तो वर्षानुवर्षे कापला गेला. इतका रास्त कर मी दुसरा भरल्याचे आठवत नाही. शहराच्या पैशाने आणि खेड्याच्या श्रमाने बांधलेली ही सामाईक मालमत्ता आहे. तिच्यावरून उंचावून निघून जाणे हा एक प्रकारचा फुटीरपणाच होय.

रस्ता खचतो तो जीपमुळे नव्हे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पुरेसा मुरुमाचा भराव आणि कडेला वाहती नाली नसेल तर वरचे डांबर टिकत नाही. त्यावर क्षमतेबाहेर रेती भरलेले ट्रक चालतात. १९५८ ते १९६० दरम्यान अमेरिकेत झालेल्या रस्ता-चाचण्यांतून निघालेला ढोबळ नियम असा की, आसावरील भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज सोळापट होते. म्हणजे रेतीची रॉयल्टी सरकारला मिळो वा न मिळो, तिच्या वाहतुकीचे बिल रस्ता भरतो.

पंतप्रधान ग्रामसडक योजनेतील प्रत्येक रस्त्याची पाच वर्षांची देखभाल कंत्राटदाराच्या करारातच अंतर्भूत असते आणि रस्त्याच्या तोंडाशी असलेल्या फलकावर काम पूर्ण झाल्याची तारीख लिहिलेली असते. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावचा फलक वाचावा, ती तारीख वहीत उतरवून घ्यावी, नाली कोठे बुजली आहे ते चालत जाऊन पाहावे आणि येत्या ग्रामसभेत कंत्राटदाराचे नाव घेऊन प्रश्न लेखी मांडावा. ज्याची जीप उंच आहे त्यालाही त्या सभेला आवर्जून बोलवावे.